बीटलचा मागचा ॲक्सल बूट पुन्हा पुन्हा गळतोय? नवा मागवण्याआधी हे बघा

गाडी १९६५ ची फोक्सवॅगन बीटल, बाराशे सीसी. मुक्काम छत्रपती संभाजीनगर. चौदा वर्षांत तिचे मागचे बूट मी पाच वेळा बदलले. ओळखीतल्यांच्या गाड्या धरल्या तर आकडा डझनाच्या पुढे जाईल. त्यातल्या तीन-चार वेळा बूट धडधाकट होता, गळत दुसरंच काहीतरी होतं. आणि दोनदा नवाकोरा बूट मी स्वतःच्या हाताने महिन्याभरात वाया घालवला. त्या दोन वेळांबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कारण खरी गोम तिथेच आहे.

नव्यानेच बीटल घेतलेल्यांसाठी थोडक्यात. या गाडीचं इंजिन मागे, त्याच्या पुढे गिअरबॉक्स, आणि गिअरबॉक्सच्या दोन्ही अंगांनी चाकापर्यंत गेलेली लोखंडी नळी. नळीच्या आत शाफ्ट फिरतो. चाक वरखाली झालं की अख्खी नळी गिअरबॉक्सपाशी बिजागरीसारखी हलते. त्या हलत्या सांध्यावर चढवलेलं घड्याघड्यांचं रबर म्हणजे बूट. मारुतीच्या बुटात ग्रीस असतं, या बुटात गिअरबॉक्सचं ऑइलच खेळतं. मारुतीचा बूट फाटला तर एक जॉइंट जातो. इथे बूट फाटला आणि लक्ष गेलं नाही, तर गिअरबॉक्सच कोरडा पडतो. म्हणून दोन-तीन हजारांच्या रबराकडे दुर्लक्ष करायचं नाही.

आधी खाली वाकून बूट मोजा. एका बाजूला एकच बूट, तोही गिअरबॉक्सला चिकटून, असेल तर तुमची गाडी स्विंग ॲक्सलची, म्हणजे वर सांगितलेल्या हलत्या नळीची, आणि हे सगळं तुमच्यासाठी आहे. एका बाजूला दोन बूट, एक गिअरबॉक्सकडे आणि एक चाकाकडे, दिसले तर ती नंतरची रचना. अमेरिकेत गेलेल्या गाड्यांना ती १९६९ मॉडेलपासून आली, १३०२ आणि १३०३ या बीटलच्या नंतरच्या मॉडेलांनाही तीच आहे. तिथे ग्रीसचे जॉइंट असतात, कामही वेगळं.

लक्षणं

सकाळी गाडी काढली की फरशीवर मागच्या चाकांच्या मधोमध नाही, तर थोडा डावीकडे किंवा उजवीकडे मधाच्या रंगाचा चिकट डाग. डागाला गंधकासारखा, कुजक्या लसणासारखा वास. गाडीखाली बघितलं तर बुटावर आणि नळीवर काळ्या मातीचा ओला थर. आपल्याकडची काळी माती तेलावर अशी बसते की चाकूनेच खरवडावी लागते, पण तिचा फायदा एवढाच की गळती कुठून सुरू होते ते ती दाखवून देते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ऐकू येणारी बारीक कुई. ती यायला लागली असेल तर खालचं सगळं सोडा, गाडी उभी करा आणि आधी ऑइलची लेव्हल बघा.

एक पैसाही न लागणारी तपासणी

रात्री गाडीखाली वर्तमानपत्राचे कागद पसरा. नुसते पसरू नका. चारही चाकं कुठे येतात ते पेनाने मांडून ठेवा, नाहीतर सकाळी गाडी काढल्यावर डाग कुठला हे कळत नाही. डाग मधोमध, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली असेल तर संशय इंजिनाच्या क्रँकच्या किंवा गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या शाफ्टच्या सीलवर. त्याच्याही मागे, इंजिनाखाली असेल तर ते इंजिन ऑइल. बीटलचं इंजिन थोडंफार गळतंच, त्याचं दुःख करू नका. चाकाच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या खाली असेल तर मामला ब्रेकचा आहे, त्याबद्दल शेवटी. गिअरबॉक्सच्या अंगाला असेल तरच बूट.

मग डागाला बोट लावा. काळं आणि पातळ असेल तर इंजिनचं. दाट, पिवळसर, वासाचं असेल तर गिअरचं. पाण्यासारखं पातळ, बुळबुळीत आणि पाण्याने धुऊन जाणारं असेल तर ब्रेक ऑइल, आणि मग त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. जालन्याच्या एका मित्राने फोनवर मला सांगितलं, "दादा, दोन्ही बूट गेले, मागवतो." मी म्हटलं, आधी वास घे. पाच मिनिटांनी फोन आला, "वास काहीच नाही हो." त्याच्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग गेलं होतं, चालत्या गाडीत वारा ते ऑइल बुटावर नेऊन मारत होता. ऐंशी रुपयांत काम झालं.

धुवा आणि पावडर मारा

हे मी सगळ्यांना सांगतो आणि कोणी करत नाही. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल घ्या, रंगाच्या जुन्या ब्रशने बूट, नळी आणि गिअरबॉक्सचं अंग स्वच्छ करा, कोरड्या चिंधीने पुसा, तासभर वाळू द्या. मग बाळाची टाल्कम पावडर ब्रशने सगळीकडे उडवा. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. मी दौलताबादचा घाट चढून परत येतो, कारण खडबडीत रस्त्यावर आणि वळणांवर नळी वरखाली होते, सपाट रस्त्यावर गळती लपून बसते. आल्यावर टॉर्च घेऊन खाली जा. पांढऱ्या पावडरवर ओली रेघ जिथून सुरू होते तीच जागा. ऑइल खाली उतरतं, म्हणून सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा. खालचा थेंब बघून निदान केलं तर हमखास फसगत होते.

रेघ चार ठिकाणांहून निघू शकते: बूट आवळणाऱ्या पट्टीच्या क्लिपखालून, बुटाच्या जोडातून, घडीतल्या चिरेतून, किंवा बुटाच्याही वरून, म्हणजे गिअरबॉक्सवर नटांनी बसवलेल्या रिटेनर प्लेटच्या पॅकिंगमधून. चौघांचे उपाय वेगळे आहेत.

क्लिप आणि जोड

रेघ क्लिपखालून येत असेल तर स्क्रू ड्रायव्हरने अर्धा फेरा आवळा, परत पावडर मारा, परत फिरून या. रबर उन्हाळ्यात मऊ पडतं, बसतं, क्लिप आपोआप सैल होते. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा मी एकदा सगळ्या क्लिपा बघतो. अर्ध्या फेऱ्याने थांबलं नाही तर जोर लावत बसू नका. पट्टी रबरात रुतते आणि तिथेच चीर पडते.

आता जोडाबद्दल. कारखान्यातून आलेला बूट अखंड असतो. तो चढवायचा म्हणजे ड्रम, ब्रेकची प्लेट आणि नळीच्या टोकाचं बेअरिंगचं हाऊसिंग, सगळं काढावं लागतं. म्हणून बाजारात मधून कापलेला बूट मिळतो. तो नळीभोवती गुंडाळून छोट्या स्क्रूंनी जोडतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीला आता हाच असणार. याचे स्क्रू सैल असतील तर आवळा, पण हलक्या हाताने. जास्त आवळले की दोन स्क्रूंच्या मध्ये रबर तोंड वासतं आणि तिथूनच गळायला लागतं. दोन्ही ओठ सारखे दाबले गेलेले डोळ्यांना दिसले की थांबायचं.

लेव्हल

बूट बदलायचा असो नसो, गळती दिसली की लेव्हल बघितलीच पाहिजे. आतल्या ऑइलचा अंदाज बाहेरच्या डागावरून येत नाही. गिअरबॉक्सच्या डाव्या अंगाला भरायचा प्लग आहे, त्याला सतरा एमएमची ॲलन की लागते. ती प्रत्येक गॅरेजमध्ये असतेच असं नाही. हार्डवेअरच्या दुकानातून सतरा एमएम डोक्याचा दहाचा बोल्ट आणि दोन नट आणा. नट बोल्टावर एकमेकांना भिडवून घट्ट करा, जमलं तर एक वेल्ड करून घ्या, आणि बोल्टाचं डोकं प्लगमध्ये घालून पान्याने फिरवा. तीस-चाळीस रुपयांत हत्यार तयार.

गाडी सपाट जागेवर, थंड असताना, ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागलं पाहिजे. करंगळी वाकडी करून आत घाला. बोट कोरडं निघालं तर ऑइल कमी आहे. भरताना घाई नको. हे ऑइल नळ्यांमध्येही पसरतं आणि त्याला वेळ लागतो. भसकन ओतलं की भोकातून बाहेर येतं आणि माणसाला वाटतं भरलं. थोडं घालायचं, चहा घ्यायचा, परत घालायचं. रिकाम्या गिअरबॉक्सला साधारण अडीच लिटर लागतं.

आणि नव्वद नंबरचंच घाला. मोंढ्याकडच्या ट्रॅक्टर स्पेअर्सच्या दुकानात नव्वद आणि एकशे चाळीस शेजारी शेजारी ठेवलेले असतात. दुकानदार "दाट चांगलं, गळणार नाही" म्हणून एकशे चाळीस पुढे करतो. घेऊ नका. डब्यावर जीएल-४ (हा गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघून घ्या. काही जीएल-५ ऑइलं गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना चांगली नसतात.

ऑइल बदलायचंच असेल तर आधी भरायचा प्लग सोडवून बघा, मगच खालचा काढा. उलटं केलं आणि वरचा प्लग गंजून जाम निघाला, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन दारात बसायची वेळ येते. खालच्या प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर करडी, लोण्यासारखी पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कपचे असतील तर बुटाचा विषय तिथेच संपला, गाडी गिअरबॉक्सच्या मिस्त्रीकडे.

बूट खरंच फाटलाय का

मागून गाडी उचला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि घोड्यांवर, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडवर, ठेवा. विटांवर ठेवू नका. वीट सांगून फुटत नाही. गाडी उचलली की मागची चाकं खाली लोंबतात आणि त्यांचे तळवे आत वळतात, बसायला निघालेल्या वासरासारखी. त्याने बुटाच्या घड्या वरच्या बाजूला ताणून उघडतात आणि एरवी न दिसणारी चीर दिसते. बोटाने प्रत्येक घडी उघडून बघा. वरवरच्या केसाएवढ्या रेषा म्हणजे म्हातारपण, अजून वेळ आहे. रेषेत नख शिरलं तर बूट बदलायचा. कुरतडल्यासारखी कड दिसली तर उंदीर. गाडी महिनोन्महिने शेडमध्ये उभी असेल तर आपल्याकडे हे कारण मुळीच दुर्मीळ नाही.

बदलताना मी केलेली चूक

पहिल्या वेळी मी बूट बदलला तो असाच, गाडी घोड्यांवर, चाकं लोंबत. जुना बूट ब्लेडने कापला, नवा गुंडाळला, स्क्रू आणि क्लिपा मस्त आवळल्या. काम इतकं साफ दिसत होतं की फोटो काढला. गाडी खाली उतरवली, वेरूळला जाऊन आलो आणि तिसऱ्या दिवशी जोडाशेजारी चीर. दुकानदाराला शिव्या दिल्या, दुसरा मागवला, तसाच बसवला. तो सव्वीस दिवस टिकला.

तिसरा बूट घेऊन मी जुन्या शहरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी फाटलेला बूट हातात घेतला, दोन्ही तोंडं धरून चकलीच्या सोऱ्यासारखा पिळून बघितला आणि विचारलं, "कसते वक्त गाडी कहाँ थी? हवा में?" मी हो म्हटलं. "मियाँ, गाडी को जमीन पे उतारो, फिर कसो." बस, एवढंच.

कारण साधं आहे. चाकं लोंबत असताना नळीचा कोन वेगळा असतो. त्या कोनात बूट दोन्ही टोकांना पक्का केला की गाडी जमिनीवर येताच रबर एका बाजूने ताणलेलं आणि दुसरीकडून चेपलेलं राहतं, कायमचं. त्यावर खड्डे. बूट फाटणार नाही तर काय करेल? म्हणून चाकांवर गाडीचं वजन असतानाच क्लिपा शेवटच्या आवळायच्या. सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर किंवा खड्ड्यावर गाडी उभी करून काम केलं तर उत्तम. ते नसेल तर सगळं सैल बसवा, गाडी उतरवा, मागून दोन-तीनदा दाबून हलवा, थोडी पुढेमागे ढकला, आणि मग आडवं पडून क्लिपा कसा. जागा अडचणीची आहे, कोपर सोलतं.

बाकीच्या गोष्टी:

जोड वर किंवा खाली येऊ देऊ नका. वरचा आणि खालचा भागच सगळ्यात जास्त ताणतो आणि चेपतो. जोड आडवा, गाडीच्या मागच्या दिशेला ठेवा. तिथे हालचाल कमी आणि पुढे स्क्रू आवळायलाही हात पोचतो. बुटाला पीळ पडू देऊ नका. दोन्ही तोंडांचे जोड एकाच रेषेत आहेत ना, ते बघा.

जुना बूट कापण्याआधी आजूबाजूची माती धुवा. कापल्यावर गिअरबॉक्सचा सांधा उघडा असतो, आत गेलेला खडा परत बाहेर येत नाही. ऑइल आधी काढून घ्या आणि तरीही खाली परात ठेवा.

नळीवर बूट बसतो ती जागा पॉलिश पेपरने घासा. गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर कितीही चांगला बूट बसवा, छोट्या तोंडातून ऑइल येणारच. बारीक खड्डे असतील तर बूट थोडा सरकवून चांगल्या जागेवर बसतो का ते पाहा. तसं होत नसेल तर लेथवाल्याचा सल्ला घ्या.

जोडाच्या दोन्ही ओठांवर पेट्रोलने पुसून, वाळवून, न सुकणाऱ्या गॅस्केट सिमेंटचा पातळ हात द्या. पातळ म्हणजे पातळ. भिंतीला पुट्टी लावल्यासारखं सिलिकॉन थापलेले बूट मी बघितलेत. तो आवळला की आतल्या बाजूला लोळ्या निघतात आणि गिअरबॉक्समध्ये पडतात. एमसीलने चीर बुजवणाऱ्यांना मात्र काय सांगावं? एमसील दगड होतं, बूट हलतो, दुसऱ्या दिवशी शेजारी नवी चीर.

बूट विकत घेताना हातात घेऊन घडी दाबा. मऊ असेल, सोडल्यावर लगेच पूर्ववत होत असेल तर घ्या. दुकानाच्या फळीवर पाच वर्षं पडलेलं रबर गाडीला न लागताच म्हातारं झालेलं असतं. आपल्या शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे, फोक्सवॅगनच्याच घरातला, पण या जुन्या मुलीचा बूट मला शहरात कधीच मिळाला नाही. मुंबईहून मागवतो. आला की आधी वाकवून बघतो, नाहीतर परत. दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. एक गेला की दुसरा मागे नसतो.

इथे थांबा

रिटेनर प्लेटच्या पॅकिंगमधून गळत असेल तर घरी हात घालू नका. त्या पॅकिंगच्या जाडीवरच नळीचा खेळ ठरतो. पुठ्ठा कापून बसवलेलं पॅकिंग जाड झालं तर सांधा खडखडतो, पातळ झालं तर जाम होतो. हे मोजून करायचं काम आहे, ज्याने आधी केलंय त्याच्याचकडून करून घ्या.

नळी हाताने धरून वरखाली, पुढेमागे हलवा. सांध्यात ठकठक खेळ जाणवला, किंवा गाडी उचलताना मागून एकच जोराचा ठोका येत असेल, तर आतले भाग झिजलेत. नवा बूट त्याला उत्तर नाही.

अखंड बूटच बसवायचा हट्ट असेल तर तो गॅरेजमध्ये, आणि गिअरबॉक्स कधी खाली उतरवावाच लागला तर तेव्हा. मी स्वतः कापलेल्यावर समाधानी आहे.

आणि चाकाच्या आतल्या बाजूचा डाग. तो गिअर ऑइलचा असेल तर बूट नाही, नळीच्या टोकाचं ऑइल सील गेलंय. ते ऑइल ड्रममध्ये उतरून ब्रेकच्या लायनरवर गेलं की त्या चाकाचा ब्रेक गेला समजा. गाडी चालवत मिस्त्रीकडे नेऊ नका, मिस्त्रीला बोलवा. ड्रमचा मोठा नट छत्तीस एमएमचा असतो आणि तो सुमारे तीस किलोग्रॅम-मीटर जोराने आवळतात, म्हणजे एक मीटर लांब पाइपच्या टोकाला तीस किलो वजन टांगावं इतका. जॅकवर उभ्या गाडीला पाइप लावून तो सोडवायला गेलात तर नट नाही, गाडी सुटेल. चाक जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, समोर दगड, आणि हे रोज करणारा माणूस. नंतर कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून त्यातून आरपार घालायची) घातली की नाही, ते तुम्ही स्वतः बघा.

बसवून झाल्यावर पन्नास किलोमीटरनी एकदा क्लिपा आणि स्क्रू तपासा, गाडी चाकांवर असतानाच. लेव्हलही त्याच दिवशी परत बघा, नळ्यांत हवा अडकलेली असेल तर लेव्हल आता खाली गेलेली दिसेल. मग तीन रात्री कागद. पहिल्या रात्री एखादा थेंब येतो, तो बाहेर लागलेल्या जुन्या ऑइलचा असतो, त्याने घाबरू नका. तिसऱ्या सकाळीही कागद ओला असेल तर पावडरचा डबा परत काढा.